बेटावरची सासुरवाडी

साधनाकाकूचं वाक्य एका खोलीत संपत नाही. "मी काय म्हणते, थे डाळ भिजू घातली होती न," असं ते स्वयंपाकघरातून निघतं, मोरीवरून अंगणात येतं, कुंपणावरून आमच्या ओट्यावर डोकावतं आणि परत घरात शिरतं. तोवर त्यात डाळ कुठेच नसते. कोणाच्या तरी साखरपुड्यातली भाजी खारट झाली होती, एवढंच उरलेलं असतं. तिची नक्कल बसून करता येत नाही. चालावं लागतं, आणि हातात झारा लागतो.

किशोरकाका बरोबर उलटे. बडनेऱ्याला रेल्वेच्या तिकीटखिडकीमागे त्यांची सगळी नोकरी झाली, त्यामुळे ते अजून जाळीतून बोलल्यासारखे बोलतात. गाव, दिवस, माणसं किती. "इतवारा. आत्ता. दोघं," असा आवाज आला की समजायचं, काका-काकू इतवारा बाजारात भाजी आणायला निघाले.

काकू हिवरखेडची, कपाशीवाल्यांच्या घरातली. लग्न होऊन आली ती बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरात. त्यांची लेक रागिणी तिथेच वाढली. क्वार्टर बदलायची वेळ यायची तेव्हा टेम्पोतून सामान उतरायच्या आत नव्या शेजाऱ्यांना जेवायचं आवतन गेलेलं असायचं. पुढे काकांनी अमरावतीत साईनगरला घर बांधलं. आमची आई, म्हणजे पौर्णिमा, नव्या शेजारणीला पाण्याची कळशी द्यायला गेली आणि वरणभात खाऊन परत आली. काकूच्या दारातून उपाशी परतलेला माणूस अजून सापडायचा आहे. विजेचं मीटर बघणारा नेमका जेवणाच्या वेळी येतो, ते उगाच नाही.

पण तिला दुसऱ्याच्या घरी जेवायला बसवून बघा. घास तोंडात, डोळे दारात. ताट अर्धं होत नाही तोच उठते आणि वाढायला लागते. यजमानीण म्हणते, "बसा ना हो तुमी." काकू बसते, पण ती फक्त पायांनी.

तर अशी ही बाई एप्रिलच्या शेवटी काकांना घेऊन तीन महिन्यांसाठी लेकीकडे गेली. रागिणी आणि तिचा नवरा कुलदीप हॉलंडात युट्रेख्टला राहतात. कुलदीप अकोल्याचा, पण मध्ये बरीच वर्षं पुण्यात काढल्यामुळे "करून राहिलो" त्याच्या तोंडून गेलं आणि त्या जागी "अ‍ॅक्च्युअली" आलं. मुलगा सज्जन. इतका सज्जन, की सासूनं वाढलेलं काहीही "बास, बास, आई" म्हणत खातो. काकूला हे 'बास' अजिबात आवडत नाही. तिच्या मते ज्यानं ताटात हे कमी पडलं, ते कमी पडलं अशी कटकट केली नाही, तो जावई नव्हे, इन्स्पेक्शनला आलेला साहेब.

रागिणीनं गेल्या गेल्या बेत सांगितला होता. "आई, मध्ये दोन-तीन दिवस बेटावर जाऊ. समुद्र आहे, मोठ्ठी वाळू आहे, मेंढ्या आहेत."

"मेंढ्या पाहाले जहाजात बसू? दिवाळी झाली की धनगर आपल्या वावरात आणून बसवते."

बेटाचं नाव लिहितात टेक्सेल आणि म्हणतात टेसल. काकू 'ते बेट' म्हणायची आणि विषय बदलायची. बेटाचं प्रकरण तिथंच संपलं असतं. पण यंदा जेठ अधिक आला.

अधिक महिना म्हणजे आमच्याकडे धोंड्याचा महिना. लेक-जावयाला घरी बोलवायचं, पुरण भरलेले उकडीचे धोंडे करायचे, तेहेतीस बत्तासे आणि दिवा ठेवून ताट द्यायचं, जावयाला टॉवेल-टोपी करायची. हा महिना दर तिसऱ्या वर्षी येतो. रागिणीचं लग्न मागचा अधिक उलटल्यावर झालं, म्हणजे कुलदीपचा हा पहिला धोंडा. आणि काकूला लेक एकच. अमरावतीहून निघतानाच तिनं हरभऱ्याची डाळ, हिवरखेडच्या भावाकडचा गूळ, बत्तासे, टॉवेल आणि टोपी, सगळं बॅगेत भरलं होतं. गुळाच्या ढेपेपायी काकांचे दोन स्वेटर घरी राहिले.

महिना लागला आणि अकोल्याहून विहिणीचा फोन आला. कुलदीपच्या आई पार्वताबाई फोनवर बोलत नाहीत, फोनला बोलतात. समोर धरून, दम दिल्यासारखं. त्यांचं प्रत्येक वाक्य निकाल असतो. हा फोन रागिणीनं आम्हाला ऐकवला, तो असा.

"इहीनबाई, धोंड्याचं काय करून राहिल्या?"

"करते ना बाई. समदं घेऊन आली मी. येत्या आठवड्यात करते."

"कुठी?"

"इथीच. रागिणीच्या घरी."

"रागिणीच्या घरी म्हणजे माह्या पोराच्या घरी."

पार्वताबाई थांबल्या नाहीत.

"म्हणजे माह्या पोरानं सोताच्याच घरी बसून सासुरवाडीचा धोंडा खायचा? मंग मीच करून धाडतो ना! धोंडा सासूच्या घरी असते, इहीनबाई. जवायानं शीव ओलांडून तुमच्या दारात यावं लागते. त्याच्या दारात नेऊन दिला तं थो डबा झाला. धोंडा नाही झाला."

हा नियम कोणत्या पोथीतला, ते कोणी विचारलं नाही. पार्वताबाईंना तीन लेकी. त्यांचे तिन्ही जावई धोंड्याला येतात आणि वाढून होईपर्यंत मान वर करत नाहीत. अशा बाईला पोथी विचारत नसतात.

त्यानंतर दोन दिवस रागिणीचे मेसेज काळजीचे आले. त्यांचा फ्लॅट लहान, फिरायला जागा नाही. पण काकूचं वाक्य आता एकाच जागी सुरू होऊन तिथंच संपायला लागलं होतं. "हो." "नाही." "जेवली मी." पहिला धोंडा चुकला तर पुढचा तीन वर्षांनी, आणि पुढचा कितीही थाटात केला तरी तो दुसराच. अमरावतीला परत यायचं तर विमानाची तारीख महिना संपल्यानंतरची. तीन महिने जावयाच्या घरी जेवायचं आणि त्याला एक ताटसुद्धा आपल्या घरी वाढायचं नाही, हे तिला गिळता येईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गॅलरीतून स्वयंपाकघरात आली, तिथून परत गॅलरीत, आणि जाता जाता म्हणाली, "मी काय म्हणते, थे बेट आहे न तुयं, तिथी घर भेटते का?"

बेत असा ठरला. कुलदीपनं आधी हॉटेल सुचवलं. "आई, अ‍ॅक्च्युअली हॉटेल बरं पडेल, ब्रेकफास्टपण असतो."

"हॉटेलवाला माहा कोण लागते, जवाईबापू?"

मग सुट्टीसाठी भाड्यानं देतात तसलं घर बघायचं ठरलं. तिथं एका रात्रीला घर देत नाहीत, शुक्रवार ते सोमवार घ्यावं लागतं. ते आणखी बरं, काकू म्हणाली, एका रात्रीचं तं धर्मशाळेतबी राहते माणूस. रागिणी म्हणाली, बेटच कशाला, जवळच्या गावात घेऊ. काकूनं अकोल्याचं वाक्य तिला ऐकवलं. शीव ओलांडायची आहे ना, मग मधी समुद्र असला तर बोलायलाच जागा नाही.

"अन् घर माह्या नावानं घ्या," काकूनं कुलदीपला सांगितलं.

"हो आई. डन."

"आमी दोघं आदल्या दिवशी जातो. तुमी दुसऱ्या दिवशी या. पाहुण्यासारखे."

"अहो आई, अ‍ॅक्च्युअली कारनं एकत्रच जाऊ ना सगळे. फेरीबोटीत कार जाते."

"जवायाच्या गाडीत बसून जवायाले आवतन द्याले जाऊ?"

कुलदीप फोनवर रेल्वेचं वेळापत्रक बघायला लागला. काकांना मात्र आयुष्यात पहिल्यांदा बायकोचा बेत मनापासून पटला, कारण त्यात रेल्वे होती. युट्रेख्टहून डेन हेल्डरपर्यंत गाडी, तिथून बस, मग जहाज. त्यांनी घरातच दोनदा म्हणून बघितलं, "डेन हेल्डर. शुक्रवार. दोन." स्टेशनवर तिकीट मशीननं दिलं, खिडकीमागे माणूसच नव्हता, हे त्यांना लागलं. ते मशीनला म्हणाले, "सुट्टे नाही तुह्याजवळ म्हणून कोणी तुह्यावर वरडत असन का बे?"

जहाजावरून त्यांचा आवाजी मेसेज आला. मागे वारा आणि पक्षी किंचाळत होते. "जहाज वेळेवर सुटलं. समुद्र दोन्हीकून आहे. साधना बॅग मांडीवर घेऊन बसली आहे. खाली ठेवत नाही."

बॅगेत गूळ होता.

बेटावर उतरल्यावर तिथल्या बसनं ते घरांच्या त्या वसाहतीत पोचले. एकसारखी लहान घरं, मागे कुंपण, कुंपणापलीकडे मेंढ्या. किल्ली कचेरीतून घ्यायची होती. टेबलामागे एक हसरी मुलगी बसली होती. काकांनी दोघांचे पासपोर्ट ठेवले आणि बोट वर करून म्हणाले, "साधना." मुलीनं शोधलं. नाही. "किशोर." नाही. मग तिनं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. नाव होतं कुलदीप.

किल्ली मिळाली. कुलदीपला फोन लावून मुलीनं खातरी करून घेतली आणि दिली. काकूनं तोच फोन हातात घेतला.

"जवाईबापू, घर तुमच्या नावानं आहे."

"अं, हो. आई, अ‍ॅक्च्युअली अ‍ॅपवर अकाउंट माझं आहे ना, म्हणून. पण राहणार तुम्हीच आहात. काय फरक पडतो?"

"काही नाही," काकू म्हणाली.

काकांनी मुलीला विचारलं, नाव बदलता येईल का? ती हसून म्हणाली, ज्यानं घेतलं त्याचंच राहील.

घर छान होतं. पुढे काचेचं दार, मोठी खिडकी, टेबलावर फुलं. काकू खुर्चीच्या टोकावर बसली, दुसऱ्याच्या घरी बसते तशी. बॅग उघडली नाही. संध्याकाळी काकांनी पिशवीतला पाव काढला आणि दोघांनी तो बाहेरच्या बाकावर बसून खाल्ला. पाव तरी काकांनी स्वतः घेतलेला होता.

"अवं, कोण पाहून राहिलं?" काका म्हणाले. "कर ना उद्या धोंडे. अकोल्यातून बेट दिसते का?"

"मले दिसते ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतःच अकोल्याला फोन लावला. रागिणीनं या सोहळ्यासाठी 'पहिला धोंडा' नावाचा ग्रुप केला होता आणि साक्षीदार म्हणून काकूनं त्यात आमच्या आईलाही घेतलं होतं. व्हिडिओ कॉल ग्रुपवरूनच लागला, म्हणून तिथलं सकाळचं आमच्या स्वयंपाकघरात दुपारी दिसलं. काकूनं फोन मिठाच्या डब्याला टेकवला होता. एका चौकोनात काकू, एकात आमची आई, एकात पार्वताबाईंचं कपाळ. त्या फोन असाच धरतात.

"इहीनबाई, घर जवायाच्या नावानं निघालं," काकू म्हणाली. काही झाकलं नाही, काही फिरवलं नाही. "नाव बदलत नाही म्हणते थे पोरगी. थे दोघं निघाले तिकून. मी डाळ अजून भिजू घातली नाही. आता तुमी सांगा."

कपाळ हललं नाही. आमच्या आईला वाटलं कॉल अडकला, तिनं स्क्रीनवर टिचकी मारली.

"मी हाय इथीच," कपाळ म्हणालं. "मी ज्या घरात बसली आहे, थे कोणाच्या नावानं आहे, ठाऊक आहे तुमाले?"

"तुमच्याच असन."

"माह्या सासऱ्याच्या होतं. मंग मालकाच्या झालं. मालक गेले अन् कुलदीपचं नाव लागलं. माहं कधी लागलंच नाही. तुमची रागिणी माप ओलांडून आली, तवा मी म्हटलं का, थांब, घर कुलदीपचं आहे, त्याले विचारू दे? पोस्टमनले विचारा. पार्वताबाईचं घर कुठी म्हटलं की शेंबडं पोट्टं आणून सोडते. काहून? चूल माह्या हातानं पेटते म्हणून. तुमी चूल पेटवा. जिनं चूल पेटवली तिचं घर."

काकू उभी राहिली.

"पण ऐका," पार्वताबाई म्हणाल्या. "तुमच्या हातानं. कुलदीपनं येऊन बटन दाबलं तं घर त्याचं, सांगून ठेवतो."

हाही नियम कोणत्या पोथीतला, ते कोणी विचारलं नाही.

फोन चालूच राहिला आणि डाळ गरम पाण्यात पडली. गूळ फुटला. कणीक मळली गेली, आणि काकूचं वाक्य पुन्हा चालायला लागलं; स्वयंपाकघर, पलंग, खिडकी, परत स्वयंपाकघर. मग ती शेगडीपुढे आली. शेगडी म्हणजे ओट्यात बसवलेली काळी काच. खटका नाही, जाळ नाही, तिच्यावर बारीक पांढरी चिन्हं. काकूनं दाबलं. काच एकदा टुं म्हणाली आणि गप्प बसली. काकांनी दाबलं.

"तुमी नका लावू हात!"

"मी घरातलाच आहे ना वं!"

"कायले धोका पत्करता?"

काच दाद देईना. तेवढ्यात दारावर टकटक झाली. कुलदीप आणि रागिणी लवकरचं जहाज पकडून आले होते. बाहेर पाऊस भुरभुरत होता. कुलदीपनं काचेतून शेगडी बघितली, सासूचं बोट बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "आई, चाइल्ड लॉक आहे! दार उघडा, मी दोन सेकंदात—"

"आत नाही यायचं!" हे काकू आणि अकोला एकदमच बोलले.

कुलदीप पायरीवर थांबला. त्याच्यामागे कुंपणाला तोंड लावून मेंढ्याही बघत होत्या.

"आई, मी सांगू?" रागिणीनं काचेवर हात ठेवून विचारलं.

"इहीनबाई, पोरगी सांगून राहिली, चालते का?"

पार्वताबाईंनी विचार केला. "तोंडानं सांगू द्या. हात नाही."

"किल्लीसारखं चिन्ह आहे बघ, त्यावर बोट ठेव. ठेवून धर. उचलू नको."

काकूनं बोट ठेवलं. "मी काय म्हणते, हे किल्लीचं चिन्ह तं," आणि वळली. बोट उचललं गेलं. पुन्हा ठेवलं. "मंग आपण पुरण अगोदर का वाफ—" पुन्हा उचललं. काकूचं बोट एका जागी राहिल्याचं आजवर कोणी पाहिलेलं नाही. आमची आई इकडून ओरडली, "ताई, हात पुसा, कणीक आहे हाताले!" काकूनं हात पुसला आणि पुसता पुसता टॉवेल वाळत घालायला निघाली. काका घोषणा करत होते, "कृपया बोट उचलू नये, कृपया बोट उचलू नये." बाहेर रागिणी पावसात हसत होती. कुलदीपचे दोन्ही हात खिशात होते. त्याला मोह आवरत नव्हता, हे काचेतूनही कळत होतं.

"तोंड बंद करा अन् बोट ठेवा, साधनाबाई!" अकोल्याहून आवाज आला.

काकूनं डोळे मिटले. बोट ठेवलं. अमरावतीत आमचा चहा उतू गेला, त्याकडेही कोणी बघितलं नाही.

काच टुं म्हणाली. मग आणखी एकदा. आणि तिच्यात लाल आकडा उमटला.

"पेटली," काका म्हणाले.

"घ्या आता त्यायले आत," पार्वताबाई म्हणाल्या. "भिजून राहिलं माहं लेकरू."

काकूनं दाराकडे बघितलं. कमरेला पदर खोचला. "थांबा जरासक. घर झाडलं नाही अजून."

आणि तिनं जावयाला खरंच थांबवलं. दार उघडून एक छत्री बाहेर दिली, "फिरून या" म्हणाली आणि दार लावून घेतलं. ते दोघं वाळूवर गेले, दीपगृह बघून आले, मेंढ्या मोजून झाल्या, तरी बोलावणं येईना. कुलदीपनं रागिणीला दोनदा विचारलं, आई चिडल्या का? रागिणी म्हणाली, नाही रे, घरी आहे ती.

शेवटी दार उघडलं. काकूनं उंबऱ्यात दोघांच्या पायावर पाणी घातलं. ओवाळलं. कुलदीपला टोपी घातली, ती कानांवर आली. फोन पुन्हा मिठाच्या डब्याला टेकला. ताटात धोंडे, कटाची आमटी, भात, शेजारी दिवा आणि बत्ताशांची परात. तूप तिथल्याच लोण्याचं कढवलेलं.

पार्वताबाईंनी आता फोन नीट धरला होता. कपाळाखाली पहिल्यांदाच डोळे दिसले, आणि ते ताटावर होते.

"तूप कमी वाढलं, इहीनबाई. दिसून राहिलं मले इथून."

काकूच्या हातातलं भांडं थांबलं. "माह्या घरी मी वाढते तेवढं असते."

अकोल्याचे डोळे ताटावरून काकूवर गेले. मग आलं, "हव. बराबर आहे."

कुलदीपनं धोंडा फोडला. पुरणातून वाफ निघाली. त्यानं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, टोपी मागे सारली आणि ताट पुढे केलं.

"आई, तूप खरंच कमी आहे."

त्यात ना 'अ‍ॅक्च्युअली' होतं, ना 'बास'. काकूनं भांडं त्याच्या ताटात उपडं केलं.